कुलूप लावले तरी भाडे चालूच

कोल्हापूरच्या बाजारपेठेत गोदामाचे भाडे म्हणजे काय, हे कोणी कोणाला शिकवण्याची गरज नाही. लक्ष्मीपुरीतला किराणा व्यापारी असो, मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या असो की चप्पल लाइनीतला दुकानदार असो, रिकाम्या गाळ्याचे एका महिन्याचे भाडे फुकट गेले तरी त्याला चैन पडत नाही. माल नसेल तर गाळा सोडायचा, किल्ली मालकाच्या हातात द्यायची आणि अनामत परत घ्यायची, हा व्यवहार आमच्या वाडवडिलांपासून चालत आला आहे. मग हाच व्यापारी संगणकाच्या गोदामाचे भाडे वर्षानुवर्षे एक शब्द न विचारता कसा भरतो? आत माल आहे की नाही, कुलूप कोणी लावले, किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी तो का करीत नाही? आज आम्ही याच विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

संगणकाचे गोदाम म्हणजे ज्याला सध्या क्लाऊड म्हणतात ते. नाव ढगाचे असले तरी वस्तू पक्की जमिनीवरची आहे. मोठमोठ्या इमारती, त्यांत रांगेने मांडलेली यंत्रे, ती थंड ठेवण्याची व्यवस्था आणि अखंड वीज. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपल्या देशात अशी केंद्रे सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईतच. कोल्हापुरातल्या दुकानाचा रोजमेळ, गिऱ्हाइकांची यादी, उधारीची खतावणी आज अशाच एखाद्या इमारतीत पडून असते. ज्या मांडणीत ती असते तिला डेटाबेस म्हणतात.

आमचा व्यापारी तिकडे हौसेने गेला, असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी त्याहूनही वर, ५६ फुटांवर गेले. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी या भागांत नदी रस्त्यावर आली. माल भिजला तर तो पुन्हा भरता येतो. पण ज्याची वही आणि संगणक दोन्ही तळमजल्यावर होते, त्याच्या उधारीला पुरावा कोठला? या दोन महापुरांच्या मध्ये २०२० ची टाळेबंदी आली. दुकाने बंद, म्हणून घरबसल्या माल विकण्यासाठी ऑनलाइन दुकाने निघाली. वही वाचवण्याची भीती आणि धंदा वाचवण्याची गरज, या दोन कारणांनी आमची माणसे क्लाऊडवर गेली. त्यात चूक काहीच नव्हते.

प्रश्न त्यानंतरचा आहे. टाळेबंदी उठली, गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढू लागले आणि ऑनलाइन दुकान मागे पडले. कोणी हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर सोडून नवे घेतले, पण जुन्याचा डेटाबेस तसाच राहिला. कोठे भागीदारी मोडली आणि जुन्या पेढीचे दप्तर कोणाचेच नाही म्हणून चालू राहिले. उद्यमनगरात एखाद्या कारखान्याने जॉबवर्कची नोंद ठेवण्यासाठी काही बनवून घेतले, बनवणाऱ्याने आधी चाचणीसाठी एक प्रत उभी केली, मग खरी प्रत उभी केली, आणि चाचणीची प्रत पाडायची राहून गेली. घर बांधून झाले, वास्तुशांत झाली, मुले नांदू लागली, तरी बाहेर परांची उभीच, असा हा प्रकार. फरक इतकाच की परांची रस्त्यावरून दिसते, हे दिसत नाही.

आता भाड्याचा हिशेब पाहू. डेटाबेसचे बिल दोन भागांत असते आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. एक भाग यंत्राचा, तो तासावर. दुसरा भाग जागेचा, तो जीबीवर आणि महिन्यावर. मुनीम आणि कपाट, अशी जोडी समजावी. मुनीम कामावर असेल तितक्या तासांचा पगार घेतो. कपाटाचे भाडे मात्र मुनीम रजेवर गेला तरी थांबत नाही. संगणकवाल्याला आपण म्हणतो, 'ते बंद करून टाक.' तो बटण दाबतो आणि म्हणतो, 'केले बंद.' दोघेही खरे बोलत असतात. बंद झाला तो मुनीम. कपाट, त्यातला माल आणि कपाटाच्या जुन्या नकला यांचे भाडे पहिल्यासारखेच चालू.

बरे, मुनीमही कायमचा बंद होतो असे नाही. ॲमेझॉनच्या आरडीएस या सेवेत थांबवलेला डेटाबेस ७ दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या मायएसक्यूएल सेवेत ही मुदत ३० दिवसांची आहे. यात लबाडी नाही, कंपन्यांनी हे नियम उघड लिहून ठेवले आहेत. दुरुस्त्या आणि सुरक्षेचे बदल चुकू नयेत म्हणून यंत्र जागे करावे लागते, असे त्यांचे म्हणणे. पण इचलकरंजीच्या माग-मालकाने हे नियम कधी वाचायचे? त्याने गुरुवारी बंद करायला सांगितलेला डेटाबेस पुढच्या गुरुवारी स्वतः उठून बसतो आणि पगार मागू लागतो. गुगलकडे थांबवलेला डेटाबेस आपोआप उठत नाही, पण जागेचे आणि पत्त्याचे पैसे तेथेही पडतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका व्यापाऱ्याच्या नावावर २०० जीबी जागा घेतली आहे आणि त्यात खरा माल ३० जीबी आहे. संगणकवाले सुरुवातीला जागा सढळ हाताने घेतात, पुढे अडचण नको म्हणून. भाडे घेतलेल्या जागेचे लागते, भरलेल्या जागेचे नव्हे. पाच हजार चौरस फुटांच्या गोदामात कोपऱ्यात चार पोती ठेवली तरी भाडे पाच हजार फुटांचेच. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील दरयादीप्रमाणे साध्या प्रकारच्या डेटाबेस जागेला महिन्याला जीबीमागे साडेअकरा सेंट पडतात. मुंबईचा दर त्याहून थोडा चढा असतो. म्हणजे २०० जीबीला २३ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर २०७० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे २४४० रुपये महिना. वर्षाला २९ हजारांहून अधिक. लक्षात घ्या, यात यंत्राचा एक पैसाही नाही, ही फक्त बंद कपाटाची किंमत आहे. आणि 'एक यंत्र पडले तर दुसरे तयार असावे' म्हणून सुरुवातीला जोडप्रत घेतली असेल तर ही रक्कम दुप्पट. चालू धंद्याला जोडप्रत असावीच. मेलेल्या धंद्याला कशाला?

आता तोच ३० जीबी माल नीट बांधून, म्हणजे दाबून एका फाइलीत भरून, ठेवला तर किती लागेल? हिशेबाच्या नोंदी चांगल्या दाबल्या जातात. ३० चे ५ जीबी होऊ शकतात. त्याच कंपनीच्या साध्या साठवणीत, जिला एस-थ्री म्हणतात, अमेरिकेतील दर जीबीमागे २.३ सेंट आहे. ५ जीबीला महिन्याला दहा रुपयांच्या आसपास. आणि अगदी खालचे तळघर, ज्याला ग्लेशियर डीप आर्काइव्ह असे नाव आहे, तेथे दर एका सेंटच्या दहाव्या भागाइतका. ५ जीबीचे महिन्याला एक रुपयासुद्धा नाही. वरच्या मांडणीवर ठेवायचे साडेअकरा सेंट आणि तळघरात ठेवायचे एक दशांश सेंट, म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. माल तोच, मालक तोच, इमारतीची कंपनीही तीच.

तळघराच्या अटी मात्र वाचून घ्याव्यात. तेथे ठेवलेला माल १८० दिवसांच्या आत काढला तरी १८० दिवसांचे भाडे लागते, आणि मागवल्यावर हाती यायला १२ तास, स्वस्त मार्गाने ४८ तास लागू शकतात. जीएसटी अधिकारी समोर बसला असताना मागवायची ही वस्तू नव्हे. जुनी पाच-सहा वर्षांची बाडे ठेवायची ही जागा.

यापुढची गोष्ट जास्त महागाची आहे. डेटाबेस चालवणारे मूळ सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी जुने होते. मायएसक्यूएलची ५.७ ही आवृत्ती आपल्याकडे फार चालली. तिचा मूळ आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. ॲमेझॉनच्या सेवेत तिची नेहमीची मुदत २९ फेब्रुवारी २०२४ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून, ज्यांनी नवी आवृत्ती घेतली नाही, त्यांना वाढीव देखभालीचा आकार लागू झाला. अमेरिकेतील दराप्रमाणे पहिली दोन वर्षे तासाला दर प्रोसेसरमागे १० सेंट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. लहानातल्या लहान यंत्रातही सहसा दोन प्रोसेसर मोजले जातात. दोन प्रोसेसर, महिन्याचे ७३० तास, १० सेंट. झाले १४६ डॉलर, म्हणजे १३ हजार रुपयांवर, शिवाय जीएसटी. चालू धंद्याचा डेटाबेस कोणीतरी पाहत असतो, त्याची आवृत्ती बदलली जाते. विसरलेला डेटाबेस कोणीच पाहत नाही, म्हणून जुनेपणाचा हा दंड नेमका त्याच्याच डोक्यावर बसतो. ज्या यंत्राचे मूळ भाडे हजार-पंधराशे होते, त्यावर तेरा हजारांची देखभाल! भंगारात काढलेल्या टेम्पोचा विमा दर महिन्याला भरण्यासारखे आहे हे.

हे सगळे लक्षात का येत नाही, यालाही कारणे आहेत. पहिले कारण डॉलरचे. दर डॉलरमध्ये ठरतात. २०१६ साली डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस तो ९० च्या घरात गेला. दरयादी एका सेंटने वाढली नाही तरी रुपयातले बिल एक तृतीयांशाने वाढले. वाढ हळूहळू झाली की टोचत नाही. दुसरे कारण कार्डाचे. ठरावीक मुदतीने आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. जून २०२२ पासून १५ हजार रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. बँक आदल्या दिवशी सूचना पाठवते हे खरे, पण ती सूचना शुभेच्छांच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत येते. दोन-अडीच हजारांची रक्कम त्यात दिसत नाही.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते मधल्या माणसाचे आहे. बहुतेक लहान व्यापाऱ्यांचे क्लाऊडचे खाते त्यांच्या स्वतःच्या नावावर नसतेच. संगणकवाल्याने आपल्या ई-मेलवर खाते उघडलेले असते, तोच बिल भरतो आणि व्यापाऱ्याकडून वर्षाला 'सर्व्हर चार्ज' म्हणून एक ठोक रक्कम घेतो. त्या रकमेत चालू किती, बंद किती, जागा किती, त्याची मजुरी किती, हे कोणी मागत नाही आणि तो सांगत नाही. सगळे संगणकवाले लबाड असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांच्यात आमच्याच गल्लीतली, कष्टाने शिकलेली मुले आहेत आणि त्यांची मजुरी पूर्ण मिळालीच पाहिजे. पण ज्याला ठोक रक्कम मिळते त्याला जागा रिकामी करण्याची घाई नसते, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. गुळाच्या अडत्याकडून आपण मापाची पावती घेतो ती तो लबाड आहे म्हणून नव्हे. माप लिहून असावे म्हणून.

यावर आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात, 'दोन-चार हजारांसाठी कोण डोकेफोड करणार? आणि पुसून टाकले आणि उद्या नोटीस आली तर?' पहिल्या वाक्याला उत्तर देण्याची गरज नाही; तीस हजार रुपये म्हणजे हाताने चप्पल शिवणाऱ्या कारागिराच्या किती दिवसांची मजुरी झाली, ते ज्याने त्याने मनात मोजावे. शिवाय जो कंपोझिशन योजनेत आहे त्याला त्या १८ टक्क्यांचे क्रेडिटही मिळत नाही, आणि जो नियमित आहे त्याने आपला जीएसटी क्रमांक खात्यावर नोंदवला नसेल तर त्यालाही नाही. दुसरे वाक्य मात्र रास्त आहे. ज्याने २०१९ पाहिले त्याला कागद टाकून देण्याची भीती वाटणारच, आणि ही भीती शहाणपणाची आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची दप्तरे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणाची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते दप्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवे. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, जे नंतरचे असेल ते. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षे. तेव्हा ठेवायचे की नाही, हा प्रश्नच नाही. ठेवायचेच आहे. पण कायदा कोठेही असे म्हणत नाही की ते चालू डेटाबेसमध्ये, महागड्या मांडणीवर, मुनीम बसवून ठेवा.

कायद्याचे खरे मागणे निराळे आहे आणि ते जीएसटी नियमावलीच्या नियम ५७ मध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक दप्तराची प्रत अशी ठेवावी की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ दप्तर नष्ट झाले तर वाजवी वेळात ते पुन्हा उभे करता यावे. आणि मागणी झाल्यास ते कागदावर किंवा वाचता येईल अशा रूपात द्यावे, पासवर्ड आणि सांकेतिक खुणांच्या अर्थासह. हा नियम लिहिणाऱ्याने पंचगंगा पाहिली होती की काय, कोण जाणे! आता विचारा, सहा वर्षे भाडे भरून ठेवलेला तुमचा बंद डेटाबेस या कसोटीला उतरतो का? तो वाचणारे जुने सॉफ्टवेअर आज आहे का? पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? ज्या मुलाने तो बनवला तो पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा नंबर बदलला, तर ते दप्तर पुरातल्या वहीइतकेच निरुपयोगी. भाडे भरले म्हणजे दप्तर जपले, हा समज आधी मनातून काढला पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे: आधी नक्कल, मग नकलेची परीक्षा, मग जागा खाली. हा क्रम उलटा झाला तर नुकसान पक्के.

परीक्षेवर आम्ही इतका भर देतो, कारण या बाबतीत मोठमोठ्यांनी ठेचा खाल्ल्या आहेत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचेच काम ज्यांच्या साठवणीत ठेवले जाते त्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबी. कंपनीकडे नकला घेण्याच्या एक सोडून पाच पद्धती होत्या. पाहायला गेले तेव्हा रोजची नक्कल कित्येक दिवस तयारच होत नव्हती, कारण नक्कल घेणारे साधन एका आवृत्तीचे आणि डेटाबेस दुसऱ्या आवृत्तीचा. नक्कल झाली नाही हे कळवणारी ई-मेल पत्रे निघत होती, पण ती वाटेतच नाकारली जात होती. शेवटी कामाला आली ती एका माणसाने दुसऱ्याच कारणासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. जेथे अभियंत्यांचीच कंपनी आहे तेथे असे होते, तर आमच्या दुकानात 'बॅकअप आहे' या एका वाक्यावर किती विसंबायचे?

परीक्षा अवघड नाही. नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडायची. मागच्या एखाद्या मार्च अखेरची शिल्लक, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचा खाते-उतारा आणि कोणतेही एक बिल काढून ते कागदावरच्या किंवा भरलेल्या विवरणाच्या आकड्याशी ताडून पाहायचे. जुळले तर नक्कल खरी. त्याच बैठकीत वर्षवार खतावणी, रोजमेळ, खरेदी-विक्रीची नोंद आणि येणे-देणे यांच्या पीडीएफ आणि साध्या तक्त्यांच्या फाइली काढून घ्याव्यात. डेटाबेसची मूळ फाइल संगणकवाल्याला वाचता येते. पीडीएफ तुम्हाला, तुमच्या सीएला आणि अधिकाऱ्याला वाचता येते. चांदीच्या पैंजणांचे हुपरीचे नमुने किंवा चपलांचे साचे यांची छायाचित्रे त्या डेटाबेसला जोडलेली असतील तर ती निराळी काढावीत. बऱ्याचदा डेटाबेसच्या नकलेत छायाचित्रे येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात, आणि हे नंतर कळून उपयोग नसतो. हे सगळे दोन ठिकाणी ठेवावे: एक प्रत स्वस्त क्लाऊड साठवणीत, दुसरी हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क दुकानात नव्हे, घरी, वरच्या मजल्यावर.

निष्क्रिय कोणता हे ओळखण्यातही थोडी सावधगिरी हवी. संगणकवाल्याला मागील ९० दिवसांत डेटाबेसला किती जोडण्या झाल्या याचा आलेख दाखवायला सांगावे; प्रत्येक कंपनी तो दाखवते. पण नुसत्या जोडण्यांवर जाऊ नये. रात्री नक्कल घेणारा प्रोग्राम किंवा 'यंत्र जिवंत आहे का' हे पाहणारी व्यवस्था दर काही मिनिटांनी दार ठोठावत असते, त्यामुळे मेलेला डेटाबेसही जिवंत वाटतो. नवी नोंद शेवटची कधी लिहिली गेली, हे विचारावे. उलट बाजूनेही फसगत होते. काही डेटाबेस वर्षातून एकदोनदाच लागतात, ईदच्या हंगामात किंवा वार्षिक विवरणाच्या वेळी. तीन महिने शांत म्हणून तो पाडला तर पंचाईत. अशांसाठी काम नसताना आपोआप झोपणारे डेटाबेस मिळतात. मायक्रोसॉफ्टकडे ही सोय आधीपासून आहे, ॲमेझॉनने आपल्या ऑरोरा सेवेत नोव्हेंबर २०२४ पासून यंत्राचा खर्च शून्यावर येण्याची सोय केली. झोपेत असताना फक्त जागेचे भाडे लागते. मात्र दार ठोठावणारा तो प्रोग्राम आधी काढला पाहिजे, नाहीतर बिचारा झोपणार कसा?

जागा मोठी घेतली असेल तर ती सहसा थेट लहान करता येत नाही, हेही सांगून ठेवतो. वाढते पटकन, कित्येकदा आपोआप. कमी करायची तर नवा लहान डेटाबेस उभारून माल तिकडे हलवावा लागतो. आणि डेटाबेस पाडल्यावर मागे राहिलेले स्नॅपशॉट, म्हणजे जुन्या नकला, स्वतंत्र भाडे घेत राहतात; चालू डेटाबेसबरोबर त्या एका मर्यादेपर्यंत फुकट असतात, तो गेला की फुकटपण संपते. पाडल्यानंतर दोन महिन्यांनी बिल पुन्हा पाहावे. शून्य नसेल तर काहीतरी राहिले आहे.

आणखी एक बाजू आहे आणि ती पैशाची नाही. त्या विसरलेल्या डेटाबेसमध्ये गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल नंबर, घरचे पत्ते असतात. लोकांनी ते विश्वासाने दिले. ती त्यांची अमानत आहे. कोणी पाहत नाही अशा घरातच चोर शिरतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल, तर ती पुसावी, असे हा कायदा सांगतो. म्हणजे बिलांच्या नोंदी जीएसटीसाठी ठेवायच्या. पण २०२० साली ऑनलाइन दुकानात नाव नोंदवून काहीच न घेतलेल्या माणसाचा पत्ता आज कशासाठी सांभाळायचा?

कामाला सुरुवात कोठून करायची, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, खात्याच्या नावापासून. संगणकवाल्याला मजुरी देऊन क्लाऊडचे खाते आपल्या ई-मेलवर, आपल्या मोबाइलवर आणि आपल्या जीएसटी क्रमांकावर करून घ्यावे, आणि त्याला त्याच्या कामापुरती किल्ली द्यावी. मग महिन्याचे मूळ बिल आपल्याकडेच येईल. त्याच खात्यात खर्चाची मर्यादा घालून ठेवता येते. ती ओलांडली की पत्र येते, मात्र सेवा आपोआप थांबत नाही, हे ध्यानात असावे. ज्यांना इंग्रजी बिल वाचणे जड जाते त्यांच्यासाठी आमच्या व्यापारी मंडळांनी आणि जमातींच्या शिक्षणसंस्थांनी एक दिवस ठरवून, अभियांत्रिकी शिकणाऱ्या दहा मुलांना बसवून, प्रत्येकाचे बिल वाचून दिले तर फार मोठे काम होईल. खर्च चहाचाच. दिवस मे महिन्यातला धरावा. मार्चची खाती तोवर बंद झालेली असतात आणि नदीला पाणी यायला अवकाश असतो.